चोरबाजारातलं इंजिन: मोटर घरघरते, गाडी जागची हलत नाही

खडखडाट (धागाकर्ता)

मंडळी, जुन्या मॉडेल रेल्वेतलं कोणाला कळतं का इथे? चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराचं, एक डिझेल इंजिन मिळालं. सोबत तीन डबे आणि पिशवीभर रूळ. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच त्यावरच चर्चा व्हायची. दुकानदाराने चाकांना ९ व्होल्टची बॅटरी टेकवून मोटर वाजवून दाखवली आणि 'चालू है साब' म्हणाला. मोटर खरंच चालू आहे. गाडी चालू नाही, एवढंच.

लक्षणं अशी: इंजिन एकटं रुळावर ठेवलं की चालतं, पण लंगडत. टक्, टक्, टक् असा ठरावीक ठोका पडतो. व्होल्टेज वाढवलं की ठोकाही भराभर पडतो. एक डबा जोडला की हातभर जातं आणि मग मोटर घरघरत राहते, चाकं जागीच. बोटाने ढकललं तर पुन्हा थोडं पुढे.

बॉडी काढून आत बघितलं. मधोमध मोटर, तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, तिथून दोन्ही बोगींकडे (म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यांकडे) शाफ्ट, बोगीच्या डोक्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, आणि खाली डबीत प्लास्टिकचे गिअर. ग्रीस वाळून पिवळं, घट्ट झालंय.

प्रश्न साधा आहे. मोटर बदलू की गिअर? आणि मुंबईत हे काम करून देणारं कोणी आहे का? एका खेळण्यांच्या दुकानात विचारलं तर तो माणूस माझ्याकडे बघून 'मुलाला नवीन घेऊन द्या ना' म्हणाला. मुलगा नाही हो, मलाच खेळायचंय.

टवाळ_कार्टं

रविवारी चालवलंत का? मेगाब्लॉक असेल.

मुगभाटकर

मोटर बदला, झंझट संपवा. लॅमिंग्टन रोडला १२ व्होल्टच्या मोटरी पायलीच्या पन्नास मिळतात. नाहीतर जुन्या टेपरेकॉर्डरमधली काढा, माळ्यावर प्रत्येकाच्या घरी एक पडलेला असतोच. आवाज न करणारी, गुळगुळीत मोटर असते ती.

गोरेगावची_अपर्णा

मुगभाटकर, टेपरेकॉर्डरची मोटर सोडून काहीही सुचवा! कॅसेट डेकच्या बहुतेक मोटरींच्या आतच वेग स्थिर ठेवणारं सर्किट असतं. गाण्याची पट्टी खालीवर होऊ नये म्हणून ती मुद्दाम व्होल्टेज बदललं तरी त्याच वेगाने फिरते. मॉडेल रेल्वेत आपल्याला नेमकं उलटं हवं असतं, व्होल्टेज कमी तर गाडी हळू, जास्त तर जोरात. शिवाय अशा बऱ्याच मोटरी एकाच दिशेने फिरायला बनवलेल्या असतात. उलटं व्होल्टेज दिलंत तर गाडी मागे जायच्या ऐवजी आतलं सर्किट जायचं.

आणि मुळात मोटर फिरतेय असं ते स्वतः सांगतायत, तर मोटर का बदलायची?

मुगभाटकर

बरं बाई. माळ्यावरचा टेप माळ्यावरच राहू दे.

फिटरकाका

मी कारशेडमध्ये फिटर होतो, निवृत्त झालो. मॉडेल माझ्या नातवाकडे आहेत, पण दुरुस्तीला येतात माझ्याकडेच. तुमच्या लक्षणांवरून मोटरला हात लावायची गरज दिसत नाही.

दोन गोष्टी लिहिल्यात त्या महत्त्वाच्या. ठोका ठरावीक आहे आणि वेगाबरोबर वाढतो, म्हणजे तो फिरणाऱ्या वस्तूत आहे. आता तो मोटरच्या फेऱ्यागणिक पडतो की चाकाच्या फेऱ्यागणिक, ते बघा. चाकावर एका बाजूला मार्करने ठिपका करा आणि अगदी हळू चालवा. ठिपका वर येतो तेव्हाच ठोका पडत असेल तर दोष ॲक्सलवरच्या गिअरमध्ये. मोटरच्या फेऱ्याला पडत असेल तर तुमच्या कानाला वेगळे ठोके ऐकूच येणार नाहीत, नुसती खरखर येईल, कारण वर्ममुळे मोटरचे कितीतरी फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो.

माझा अंदाज, ॲक्सलवरचे प्लास्टिक गिअर तडकलेत. लोखंडी ॲक्सल थोडा जाड आणि गिअरचं भोक थोडं लहान ठेवून तो दाबून बसवलेला असतो. म्हणजे कारखान्यातून निघाल्या दिवसापासून ते प्लास्टिक ताणाखाली असतं. वीस-तीस वर्षांत ते सुकतं, आकसतं आणि जिथे सगळ्यात पातळ आहे तिथे, म्हणजे दोन दातांमधल्या खाचेत, चिरतं. चीर पडली की दोन गोष्टी होतात. तिथे दातांमधलं अंतर वाढतं, त्यामुळे शेजारचा गिअर तिथे आला की आपटतो, हा तुमचा ठोका. आणि ॲक्सलवरची पकड सुटते. मनगटात सैल बांगडी फिरते तसा गिअर ॲक्सलभोवती नुसता फिरतो, ही तुमची घरघर. एकटं इंजिन उरल्यासुरल्या पकडीवर चालतं, डबा लावला की ती पुरत नाही.

खऱ्या गाडीतही चाक आणि गिअर ॲक्सलवर असेच घट्ट बसवतात, टनांच्या दाबाने. पण तिथे दोन्हीकडे पोलाद असतं, म्हणून टिकतं.

बे_एके_बे

काका, मस्त समजावलंत. एक शंका. लोकलला पण असा वर्म असतो का?

फिटरकाका

नाही. लोकलच्या मोटरकोचमध्ये मोटर ॲक्सलला समांतर टांगलेली असते. तिच्या टोकाला पिनियन, म्हणजे लहान गिअर, ॲक्सलवर मोठा गिअर, बस्स, एकच टप्पा. मॉडेलमध्ये मोटर लांबीला आडवी झोपवावी लागते आणि तिचा वेग खूप जास्त असतो, म्हणून वर्म. वर्मचा एक गुण लक्षात ठेवा. मोटरने चाक फिरतं, पण चाकाने मोटर फिरत नाही. इंजिन रुळावर ठेवून ढकलल्यावर चाकं घसपटत गेली तर आतली जोडणी शाबूत आहे. चाकं मोकळी फिरली तर मधे कुठेतरी सुटलंय.

खडखडाट, तुम्ही लिहिलंत 'बोटाने ढकललं तर पुढे'. ढकलताना चाकं फिरली की घासली?

टवाळ_कार्टं

आमच्या विरार फास्टचा ड्राइव्ह मेकॅनिझम म्हणजे मागचे लोक. मोटरची गरजच पडत नाही.

खडखडाट

काका, चाकं फिरली. अगदी मोकळी.

आज निवांत बसून बोगी उघडली. खालचं झाकण दोन खुंट्यांवर अडकवलेलं असतं, चिमट्याने अलगद दाबलं की सुटतं. शेजारच्या घड्याळजींकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. सगळे चारही ॲक्सल ओळीने पांढऱ्या कागदावर ठेवले. नुसत्या डोळ्यांना सगळे गिअर सारखेच दिसत होते. भिंगातून बघितलं तर पहिल्या गिअरच्या दोन दातांच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ, दाताच्या बुडापासून थेट ॲक्सलपर्यंत. रेघेत जुनं ग्रीस शिरलंय म्हणून ती काळी दिसते, नाहीतर दिसलीच नसती. दोन्ही चाकं दोन हातांत धरून उलटसुलट पिळली तर रेघ उघडते आणि मिटते. दुसरा तसाच. तिसऱ्याला चीर आहे पण उघडत नाही. चौथा धड आहे.

काका, तुम्ही न बघता सांगितलंत. आता फेविक्विक?

पुणेरी_रुळावर

फेविक्विक नको. लावून बघायचं असेल तर जरूर लावा, संध्याकाळपर्यंत परत याल.

गोरेगावची_अपर्णा

पुणेरींचा सूर सोडा, पण मुद्दा बरोबर आहे. हे गिअर बहुधा नायलॉन किंवा ॲसिटल (ज्याला डेल्रिन म्हणतात) प्लास्टिकचे असतात. दोन्ही मुळातच निसरडी, म्हणून तर गिअरला वापरतात. त्यावर कुठलाही गोंद धड धरत नाही. वर चीर बुजवली तरी ॲक्सल आतून ताणतोच आहे, पुन्हा उघडणार. आणि गोंद दातांत गेला तर आहे तोही गिअर वाया.

मुगभाटकर

माझ्या ओळखीचे एक जण चीर तशीच ठेवून गिअरच्या बाजूच्या नळीवर पितळी कडं चढवतात. पितळी पाइपचा अगदी पातळ काप, घट्ट दाबून. चीर मिटते, ॲक्सल पकडतो. माळ्यावरचा टेप नाकारलात, हे तरी घ्या.

फिटरकाका

हे घेतो. चांगला उपाय आहे, पण गिअरला दातांच्या बाजूला नळी शिल्लक असेल तरच. काही गिअर नुसते चकतीसारखे असतात, त्यावर कडं चढवायला जागा नसते. आणि कडं चढवल्यावर ते डबीच्या भिंतीला घासत नाही ना, तेही बघा.

दुसरा उपाय म्हणजे नवीन गिअर. दातांची संख्या आणि बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा, ॲक्सलची जाडी मोजा. बाहेरच्या देशांत सुटे गिअर बनवून विकणारे आहेत, कारण हा रोग एका कंपनीचा नाही, बऱ्याच जुन्या गाड्यांना होतो. नवीन आले की लगेच ठोकून बसवू नका. भोक रीमरने किंचित मोठं करा, म्हणजे नवीन गिअर पहिल्यासारखा ताणला जाणार नाही. बोटाच्या जोराने सरकेल इतपत ठेवा आणि बेअरिंग बसवताना वापरतात ते रिटेनिंग कंपाउंड थेंबभर लावा. नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगच्या दुकानांत सहज मिळतं. बॉडीच्या प्लास्टिकला मात्र त्याचा स्पर्श होऊ देऊ नका.

अनामिक_वाचक

सगळे गिअर पेट्रोलमध्ये धुऊन काढा आधी. आम्ही सायकलची चेन तशीच धुतो. निम्मे रोग तिथेच जातात.

सायली_के

बापरे! पेट्रोल नका, थिनर तर नकाच नका. इंजिनाची बॉडी बहुधा पॉलिस्टायरीनची असते, थिनरने विरघळते. घरात वाफा होतात ते वेगळंच. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते वापरा. जुना टूथब्रश आणि टूथपिक. दातांतलं वाळलेलं ग्रीस टूथपिकने उकरून काढा, टाचणीने नको, ओरखडे पडतात.

तेलाबद्दलही सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त वाट लावली जाते. डब्ल्यूडी-४० फवारू नका. ते गंज सोडवायला चांगलं आहे, वंगण म्हणून नाही. उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि त्यावर आपल्या मुंबईची धूळ बसते. मोटरच्या दोन बेअरिंगना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, तोही सुईच्या टोकावर घेऊन. गिअरला प्लास्टिकला चालणारं पातळ ग्रीस, दातांवर नुसतं दिसेल इतकंच. जास्त झालं तर ते रुळांवर उतरतं आणि मग चाकं घसरतात आणि करंटही जात नाही.

माझ्याकडे वडिलांच्या गाड्या आहेत. ते बोटीवर होते, परदेशातून आणायचे. म्हणून एक विनंती, चौथा गिअर धड आहे ना, तो काढू नका. जुन्या वस्तूत जेवढं मूळचं राहील तेवढं राहू द्या.

पुणेरी_रुळावर

धड असलेला गिअर त्याच साच्यातला आणि त्याच वयाचा आहे. आज धड आहे, सहा महिन्यांनी तोही जाणार. बदलायचे तर चारही एकदम बदला. संग्रहालयात काचेमागे ठेवायचं असेल तर सायलीताई म्हणतात ते बरोबर. चालवायचं असेल तर नाही.

बाय द वे, धागाकर्त्यांनी पुण्याला येऊन कर्वे रोडजवळचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय बघावं. एचओ मापात आख्खं गाव, घाट, सिग्नल, रोपवे, सगळं चालतं. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेलं आणि स्वतः बनवलेलं. मुंबईत असलं काही नाही.

टवाळ_कार्टं

आलं. धाग्यात पुणे आलं. मी खुर्ची आणतो.

मुगभाटकर

मुंबईत खरी गाडी होती हो आधी, मॉडेल कशाला. १८५३, बोरीबंदर ते ठाणे. पुण्यात तेव्हा काय होतं ते विचारत नाही.

पुणेरी_रुळावर

गाडी होती, पण उभं राहायला जागा आहे का अजून?

सायली_के

भांडून झालं की परत गिअरवर या.

बे_एके_बे

मी वेगळ्याच गोष्टीत अडकलोय. एचओचे रूळ १६.५ मिमी रुंद. १६.५ गुणिले ८७ म्हणजे १४३५ मिमी, म्हणजे परदेशातलं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६. ते ८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतं. म्हणजे एचओ रुळांवर चालणारं प्रत्येक भारतीय इंजिन जवळपास ३ मिमी अरुंद पायांवर उभं आहे! माथेरानची गाडी ६१० मिमी, ती तर ७ मिमी हवी. हे कोणाला खटकत नाही का?

फिटरकाका

खटकतं. पण १९.३ चे रूळ, चाकं, सांधे सगळं हाताने बनवावं लागेल. त्यापेक्षा लोक रुळांकडे न बघता इंजिनाकडे बघतात.

गोरेगावची_अपर्णा

मला वेगळीच गंमत वाटते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. मग नव्वदएक वर्षांनी सगळं २५,००० व्होल्ट एसीवर गेलं. बरेच मॉडेलवाले मात्र अजून १२ व्होल्ट डीसीवरच. एकाही बजेटमध्ये तरतूद नाही.

खडखडाट, यावरून आठवलं, तुमच्याकडे ट्रान्सफॉर्मर नाही ना? गाडी कशावर चालवताय? दोन रुळांच्या डीसी गाडीला चुकूनही नुसता एसी देऊ नका. मोटर थरथरेल, चालणार नाही आणि तापून जळेल. मार्क्लिन या जर्मन कंपनीच्या जुन्या गाड्या एसीवर चालतात, पण त्यांची रचनाच निराळी, मधे तिसरा संपर्क असतो. चोरबाजारात त्यांचे ट्रान्सफॉर्मरही मिळतात आणि दिसायला सारखेच. विकत घ्यायच्या आधी मल्टिमीटर लावून डीसी आहे ना, ते बघा.

खडखडाट

नाही हो, १२ व्होल्टचा डीसी ॲडॉप्टर आणि वेग कमी-जास्त करायला एक छोटं तयार सर्किट जोडलंय. उजव्या रुळाला धन दिलं की पुढे जाते, तेही बरोबर आहे.

चारही गिअर बदलायचं ठरवलं. सायलीताई, जुने चारही डबीत जपून ठेवतोय, धड असलेलाही. सुटे गिअर मागवलेत. एक मित्र परदेशातून येतोय, त्याच्या सामानातून येतील.

दरम्यान एक गृहस्थ म्हणाले की घड्याळजींकडून पितळी गिअर कापून घे, कायमचं काम होईल. कोणी केलंय का?

फिटरकाका

घड्याळजी कापतील, पण घड्याळाच्या दाताचा आकार वेगळा असतो. तिथे चाक पिनियनला ढकलतं आणि दात घासू नयेत म्हणून त्यांची घडण निराळी ठेवतात. इथे वर्म आणि साधे गिअर आहेत, त्यांच्याशी तो दात धड जुळणार नाही. लेथवाल्याकडे मॉड्यूल, म्हणजे दाताचं माप, सांगून करून घेतलात तर चालेल. पण एक अडचण अशी की सगळे पितळी केलेत तर दोन चाकांमध्ये विजेचा रस्ता तयार होतो. तुमच्या गाडीत ॲक्सल मधे दोन तुकड्यांत आहे ना? डावं चाक एका तुकड्यावर, उजवं दुसऱ्यावर, आणि मधला प्लास्टिकचा गिअरच दोघांना वेगळं ठेवतो. तिथे पितळ घातलंत की सरळ शॉर्ट.

खडखडाट

होय, दोन तुकडे. हे लक्षातच आलं नसतं माझ्या. पितळेचा विचार रद्द.

बे_एके_बे

३डी प्रिंट?

गोरेगावची_अपर्णा

घरच्या साध्या तारेच्या प्रिंटरवर एवढे बारीक दात येत नाहीत, कडा गोल होतात. रेझिनचा प्रिंटर बारीक काम करतो, पण साधं रेझिन ठिसूळ असतं, दात गळतात. नमुना म्हणून ठीक.

सायली_के

गिअर येईपर्यंत वेळ आहे तर मोटरची सफाई करून घ्या. कार्बन ब्रश बाहेर काढून बघा, कॉम्युटेटरवर (मोटरच्या शाफ्टवरच्या तांब्याच्या गोल भागावर) टेकणारी बाजू वक्र आणि चकचकीत असायला हवी. कॉम्युटेटर काळा असेल तर कापडाला अल्कोहोल लावून पुसा आणि त्याच्या फटींतली कार्बनची पूड टूथपिकने काढा. त्या फटी भरल्या की मोटर तापते. ब्रशच्या स्प्रिंग अगदी चिमुकल्या असतात आणि सुटल्या की उडतात. मोटर प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा, उडाली तरी पिशवीत सापडते.

एक सावधगिरी. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या उघड्या मोटरीत मॅग्नेट वेगळा दिसतो, तो काढू नका. काढून नुसता ठेवला तर त्याची चुंबकशक्ती उतरते आणि मग मोटर जोरात फिरते, तापते, पण गाडी ओढत नाही. हल्ली लोक त्या जागी छोटे निओडिमियम मॅग्नेट बसवतात, पण धड असलेलं का उघडा!

टवाळ_कार्टं

पिशवीत हात घालून मोटर उघडणारी माणसं आहेत या जगात, आणि मी टीव्हीचा रिमोट सेलोटेपने जोडतो.

अनामिक_वाचक

वाफेच्या इंजिनालाही हाच रोग होतो का? माझ्याकडे एक आहे, चाकं फिरताना दांडे अडकतात आणि इंजिन उसळतं.

फिटरकाका

होतो, आणि तिथे जास्त त्रास देतो. वाफेच्या इंजिनात डाव्या बाजूचे दांडे आणि उजव्या बाजूचे दांडे एकमेकांपासून पाव फेरा, म्हणजे ९० अंश, पुढेमागे बसवतात. एक बाजू अगदी टोकाला थांबली तरी दुसरी ओढते. सगळ्या ॲक्सलवर हा पाव फेरा एकसारखा हवा. गिअर तडकला आणि चाक थोडं जरी फिरलं की एका ॲक्सलचा कोन चुकतो, मग दांडे एकमेकांशी भांडतात. दांडे काढून प्रत्येक ॲक्सल वेगळा तपासा.

आपल्याकडे खऱ्या विजेच्या इंजिनालाही दांडे होते. घाटातलं जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं डब्ल्यूसीजी-१, १९२८ च्या सुमाराचं. लोक त्याला खेकडा म्हणायचे. मोटर वर, तिथून गिअरने एका आडव्या शाफ्टला आणि शाफ्टवरून दांड्यांनी चाकांना. आता कोणी तसं बनवत नाही, पण काम बघण्यासारखं होतं.

खडखडाट

गिअर आले. बसवले. हा मुख्य भाग आहे म्हणून सविस्तर लिहितो, पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

जुने गिअर ओढायलाच लागले नाहीत, चाकं पिळली की अर्धे ॲक्सल हातात आले. ॲक्सलच्या टोकांवर गंजाचा पातळ थर होता, तो बारीक पॉलिश पेपरने काढला. (मुंबईची हवा! मी आता डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात.) नव्या गिअरचं भोक रीमरने हातानेच दोन-तीन फेरे देऊन मोकळं केलं, मध्येच थांबून ॲक्सल घालून बघत. जास्त झालं तर परत भरता येत नाही, म्हणून सगळा वेळ तिथे गेला.

मग घोडं पेंड खात होतं ते चाकांमधल्या अंतराशी. दोन अर्धे ॲक्सल दोन बाजूंनी आत ढकलायचे, पण किती? दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेचौदा मिमीच्या आसपास हवं. कमी पडलं तर सांध्यावर, फाट्यावर गाडी घसरते, जास्त झालं तर अडकते. व्हर्नियर लावून, चाकं ढकलून, परत मोजून बसवलं. दोन्ही बाजूंना गिअर मधोमध राहील असं. कंपाउंडचा थेंब लावून रात्रभर तसंच ठेवलं.

आता ठोका नाही. तीन डबे ओढते. पण पुढे जाताना शांत, मागे जाताना हलकी करकर. हे काय?

फिटरकाका

वर्म शाफ्टवर पुढेमागे सरकतोय. पुढे जाताना तो एका बाजूच्या बेअरिंगला टेकतो, मागे जाताना दुसऱ्या. तिकडचं अंतर जास्त असेल तर आपटून आवाज येतो. वर्मच्या टोकाला पातळ वॉशर घाला. अगदी घट्ट करू नका, कागदाची जाडी शिल्लक राहू द्या. वर्मच्या वरचं झाकण पूर्ण बसलंय ना, तेही दाबून बघा, पुष्कळदा तेच वर उचललेलं असतं.

गोरेगावची_अपर्णा

आणि मूळ प्रश्नावर येऊन सांगते, मोटर बदलायची की नाही. ॲडॉप्टरच्या एका तारेत मल्टिमीटर अँपिअरवर लावून बघा. जुन्या उघड्या मोटरीला गाडी ओढताना पाव ते अर्धा अँपिअर लागणं साहजिक आहे. डब्याशिवाय, सरळ रुळावरच पाऊण अँपिअर खेचत असेल आणि हाताला चटका बसत असेल तर सांगा.

खडखडाट

झाकणच होतं! एका खुंटीवर अडकलंच नव्हतं. दाबल्यावर खट् आवाज आला आणि करकर गेली.

मल्टिमीटर: एकटं इंजिन ०.२२ अँपिअर, तीन डबे लावून ०.३१. मोटर राहू देतो.

मुगभाटकर

अभिनंदन. आता घरात मांडणार कुठे? आमच्या चाळीच्या खोलीत वर्तुळ मांडलं तर मधे जेवायला बसावं लागेल.

खडखडाट

फळीवर. फळी भिंतीला बिजागरीने लावून दिवसा वर दुमडायची आणि रात्री खाली. पण कमीत कमी त्रिज्या किती ठेवू? बोगी लांब आहेत.

पुणेरी_रुळावर

लहान संचातले वळणाचे तुकडे ३६० मिमी त्रिज्येचे असतात. चार चाकांच्या बोगीची इंजिनं त्यावर वळतात. लांब प्रवासी डबे मात्र बाहेर झुकतात आणि समोरून येणाऱ्या गाडीला घासतात. जागा असेल तर ४५० च्या पुढे जा.

हवेली_स्टेशन

उशिरा आलोय. माझ्याकडे एक ब्रिटिश ओओ मापाचं (खऱ्याच्या १/७६) वाफेचं इंजिन आहे, मोटर टेंडरमध्ये, म्हणजे मागच्या कोळशाच्या गाडीत आहे, गोल चपटी. चाकांवरच्या रबरी रिंगा गळून गेल्यात आणि जागेवर फिरतं. रिंगा कुठे मिळतील?

सायली_के

नागदेवीला ओ-रिंगची दुकानं आहेत, पण ओ-रिंग गोल असते आणि तुमची खाच चपटी. त्यामुळे चाक थोडं मोठं होतं आणि इंजिन लंगडतं. चपट्या रिंगाच शोधा. खाचेतला जुना चिकटा आधी साफ करा. आणि टेंडरच्या मोटरीच्या ब्रशचा फोटो टाकून वेगळा धागा काढा, इथे आधीच गर्दी झालीय.

टवाळ_कार्टं

कृपया मधल्या डब्यात सरका.